अध्यापक-शिक्षणातील शैक्षणिक मानसशास्त्राचे प्राध्यापक

बी.एड. व एम.एड. वर्गांना अध्ययन, विकास, प्रेरणा, बुद्धी, मूल्यमापन इत्यादी विषय शिकवणारा, छात्राध्यापकांच्या (म्हणजे शिक्षक होण्यासाठी शिकणाऱ्यांच्या) सराव पाठांचे निरीक्षण करणारा आणि शिक्षणविषयक संशोधनाला मार्गदर्शन करणारा विद्यापीठीय अध्यापक. मानसशास्त्र विभागातील प्राध्यापकापेक्षा त्याचे काम वेगळे असते, कारण त्याचा खरा विषय म्हणजे शाळेतले मूल त्याच्या वर्गात कधीच बसलेले नसते. त्याच्यासमोर असतो तो त्या मुलाचा उद्याचा शिक्षक. दुसरी अडचण अशी, की तो जे सांगतो त्याची तपासणी तो सांगत असतानाच होत असते. अवधानाच्या मर्यादांवर सलग दीड तास व्याख्यान देणारा प्राध्यापक या क्षेत्रात दुर्मिळ नाही आणि मागच्या बाकांवरील छात्राध्यापकांच्या नजरेतून ही विसंगती सुटतही नाही.

बडोद्यात या व्यवसायाची मुळे संस्थानी काळात सापडतात. महाराज सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांनी १८९३ साली अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू केला आणि १९०६ मध्ये तो संपूर्ण संस्थानाला लागू केला. शिक्षण सक्तीचे केल्यावर शाळेत अशी मुले येऊ लागतात, ज्यांच्या घरात शिकण्याची परंपरा नसते. अशा मुलांना शिकवण्यासाठी विषयाचे ज्ञान पुरेसे नाही, हे प्रशासनाच्या लवकरच लक्षात येते. माध्यमिक शिक्षकांसाठी १९३५ मध्ये बडोद्यात प्रशिक्षण महाविद्यालय निघाले. १९४९ साली महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाल्यावर ते विद्यापीठात सामील झाले आणि शिक्षण व मानसशास्त्र या दोन्ही विषयांचे नाव धारण करणारी विद्याशाखा उभी राहिली. हंसा मेहता या विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरू होत. विद्यापीठ अनुदान आयोगाने १९६३ मध्ये येथे शिक्षणातील प्रगत अध्ययन केंद्राला मान्यता दिली. एम. बी. बुच यांनी संपादित केलेले भारतातील शैक्षणिक संशोधनाचे पहिले सर्वेक्षण १९७४ साली याच केंद्रातून प्रसिद्ध झाले. पुढची अनेक वर्षे देशभरातल्या पीएच.डी. प्रबंधांतले ‘संबंधित साहित्याचा आढावा’ हे प्रकरण या सर्वेक्षणाच्या आधारे लिहिले गेले. काही प्रबंधांत तर त्यापलीकडे फारसे काही वाचल्याचे जाणवतही नाही.

या व्यवसायात येण्याची वाट बहुधा शाळेतून जाते. पदवी, बी.एड., काही वर्षे शाळेत नोकरी, मग एम.एड. किंवा मानसशास्त्रातील एम.ए., त्यानंतर नेट ही अध्यापकपदासाठीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा अथवा पीएच.डी., असा क्रम साधारणपणे दिसतो. नेट परीक्षा १९८९ पासून घेतली जाते. शाळेत न शिकवता थेट विद्यापीठात आलेले प्राध्यापकही असतात. सिद्धांत ते अधिक नेमकेपणाने मांडतात. मात्र छपराचे पत्रे तापलेल्या वर्गात दुपारी चौथ्या तासिकेला गणित शिकवताना काय घडते, हे त्यांना ऐकून माहीत असते. निवड समितीच्या गुणांकनात हा फरक जवळजवळ मोजलाच जात नाही.

प्राध्यापकाचे सर्वांत महत्त्वाचे काम व्याख्यानात होत नाही, ते सराव पाठाच्या वेळी मागच्या बाकावर होते. पाचवीच्या वर्गाचे उदाहरण घेता येईल. छात्राध्यापिका अपूर्णांकांची तुलना शिकवत आहे. पाठ टाचण (पाठाचा लेखी आराखडा) नीटनेटके आहे, हेतुकथन (आज काय शिकायचे ते सांगणे) झाले आहे, रंगीत तक्ता फळ्यावर लटकतो आहे. ती विचारते, एक तृतीयांश मोठा की एक चतुर्थांश? एक मुलगा उत्साहाने उठून सांगतो, एक चतुर्थांश. ‘चूक. बस खाली,’ असे म्हणून ती दुसऱ्याला विचारते, बरोबर उत्तर मिळते, ते फळ्यावर लिहिले जाते आणि पाठ वेळेत संपतो. निरीक्षण पत्रकातील बहुतेक रकान्यांत तिला चांगले गुण देता येतात. पण व्हरांड्यात चर्चेला बसल्यावर जाणकार प्राध्यापिका तक्त्याबद्दल बोलत नाही. ती म्हणते, ‘अगं, तो पोरगा चुकला खरा, पण उगाच नाही चुकला. चार तीनापेक्षा मोठे, हे त्याला तूच मागच्या वर्षांच्या शिदोरीतून आठवायला लावलंस. त्याला भाकरी तिघांत वाटायला सांगायची, मग चौघांत.’ चुकीच्या उत्तरामागे एक सुसंगत विचार असतो आणि तो बाहेर काढल्याशिवाय बरोबर उत्तर वर ठेवून उपयोग नसतो, हे मुलांच्या विचारांच्या विकासाचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ पियाजे यांच्या कामाचे सार छात्राध्यापिकेला त्या पाच मिनिटांत कळते. वर्गातल्या तासभराच्या टिपणांनी ते कळलेले नसते. असे पाच मिनिटांचे संभाषण प्रत्येक पाठानंतर होतेच असे नाही. एका सकाळी दोन-तीन वर्ग पाहायचे असले की निरीक्षण वहीत ‘आवाज स्पष्ट, फलकलेखन सुधारावे’ एवढा शेरा पडतो आणि सही होते. या व्यवसायातील चांगल्या आणि सामान्य माणसांतला फरक या शेऱ्यांतून जितका कळतो, तितका प्रकाशित लेखांच्या यादीतून कळत नाही.

सूक्ष्म अध्यापन, म्हणजे एकेक अध्यापन कौशल्य थोड्या वेळात मोजक्या जणांसमोर सरावण्याचे तंत्र. त्याचा बडोद्याशी विशेष संबंध आहे. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला डी. डब्ल्यू. ॲलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते विकसित केले. भारतात त्यावर जे काम झाले त्यात बडोद्याच्या केंद्राचा १९७० च्या दशकातील वाटा मोठा होता. तेथे संशोधन करणारे बी. के. पासी पुढे इंदूरला गेले आणि तिथल्या विद्यापीठात हा प्रवाह चालू राहिला. भारतीय पद्धतीत सहा मिनिटे अध्यापन, सहा मिनिटे प्रत्याभरण (पाठ कसा झाला ते सांगणे), बारा मिनिटे पुनर्नियोजन, सहा मिनिटे पुनर्अध्यापन आणि सहा मिनिटे पुन्हा प्रत्याभरण, असे छत्तीस मिनिटांचे चक्र मानले जाते. विद्यार्थ्यांच्या जागी पाच ते दहा सहाध्यायीच बसतात. खडूफळ्याखेरीज काही लागत नसल्यामुळे हे तंत्र परवडले आणि लवकर पसरले. पण त्यामुळेच त्याचे कर्मकांडही झाले. पंचविशीतला मित्र पाचवीतला मुलगा असल्याचे सोंग करून प्रश्नाचे अचूक उत्तर देतो आणि त्याला ‘शाब्बास’ म्हटले की प्रबलन (योग्य प्रतिसादाला प्रोत्साहन देण्याचे) कौशल्य पूर्ण झाले, असे मानले जाते. खरा पाचवीतला मुलगा काय उत्तर देईल, हे वर सांगितलेच आहे.

बडोद्यातल्या मराठीभाषक प्राध्यापकाला, आणि रावपुरा, दांडिया बाजार या भागांतल्या मराठी घरांतून येणाऱ्या छात्राध्यापकांना, तीन भाषांत वावरावे लागते. विद्यापीठातील अध्यापनाची मुख्य भाषा इंग्रजी, सराव पाठाच्या बऱ्याच शाळा गुजराती आणि आपापसातले बोलणे मराठी. ‘प्रबलन’ हा शब्द शाळेतल्या गुजराती सहकाऱ्याशी बोलताना ‘सुदृढीकरण’ होतो, पाठ टाचणाचे ‘पाठ आयोजन’ होते, छात्राध्यापकाला ‘तालीमार्थी’ म्हणतात आणि प्राध्यापिकेला सर्रास ‘बेन’. हा केवळ शब्दांचा प्रश्न नाही. गुजरातीतला पाचाचा आकडा ‘प’ या अक्षरासारखा लिहितात. घरी देवनागरी अंक गिरवलेले मूल पहिलीत त्या ठिकाणी अडखळले तर ती आकलनाची उणीव नसून लिपीची अडचण असते, आणि हे ओळखायला दोन्ही लिप्या जाणणारा निरीक्षक मागे बसलेला असावा लागतो. गुजरातेत मराठी शिक्षणतज्ज्ञाने काम करण्याची परंपरा याहून जुनी आहे. ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांनी भावनगर येथे गुजराती बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांच्याबरोबर बालशिक्षणाचे काम केले. विद्यापीठीय पदाशिवाय त्यांनी मुलांचे जे बारकाईने निरीक्षण केले, तसे आज संशोधन प्रकल्पांतूनही क्वचित दिसते.

पदोन्नतीचे नियम विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनी ठरतात. सहायक प्राध्यापक, सहयोगी प्राध्यापक आणि प्राध्यापक असे पदांचे टप्पे आहेत. थेट नेमणुकीसाठी सहयोगी प्राध्यापकाला पीएच.डी.सह किमान आठ वर्षांचा अनुभव व सात संशोधन प्रकाशने, तर प्राध्यापकाला दहा वर्षांचा अनुभव व दहा प्रकाशने लागतात. संशोधन-मार्गदर्शक म्हणून एका वेळी प्राध्यापकाकडे आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चार पीएच.डी. विद्यार्थी असू शकतात. मागच्या बाकावरील कामाला या हिशेबात जवळपास स्थान नाही, त्यामुळे हुशार माणूस सराव पाठांची जबाबदारी कनिष्ठांकडे सोपवून लेखनाकडे वळतो. यात त्याचा दोष कमी आणि मोजमापाचा जास्त आहे.

राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या विनियमांनी बी.एड. दोन वर्षांचे झाले आणि शाळेतील प्रत्यक्ष अनुभवाचा काळ वीस आठवड्यांपर्यंत वाढला. नव्या अभ्यासक्रमाच्या चौकटीत ‘शैक्षणिक मानसशास्त्र’ हे जुने शीर्षक मागे पडून त्या जागी बाल्य व वाढ, अध्ययन व अध्यापन अशा विषयपत्रिका आल्या. विषय गेला नाही, त्याची पाटी गेली. पण पाटीबरोबर सांख्यिकी व बुद्धिमापनाचा मोठा भागही आक्रसला, याबद्दल जुन्या पिढीतील प्राध्यापक अजून हळहळतात. दरम्यान शिक्षक पात्रता परीक्षेत दीडशेपैकी तीस गुण बालविकास व अध्यापनशास्त्राला मिळाल्याने पियाजेच्या चार अवस्था वयोमर्यादांसह पाठ करण्याला नवे महत्त्व आले. बहुपर्यायी प्रश्नात ‘मूर्त क्रियात्मक’ या पर्यायावर खूण करणारा उमेदवार भाकरीचे तुकडे करायला विसरू शकतो, आणि परीक्षेला ते दिसत नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने चार वर्षांच्या एकात्मिक अध्यापक शिक्षणाचा मार्ग आखला असून त्यात बारावी उत्तीर्ण विद्यार्थी थेट प्रवेश घेतात. पौगंडावस्थेचा धडा आता प्राध्यापकाला अशा अठरा वर्षांच्या मुलामुलींना शिकवायचा आहे, ज्यांची ती अवस्था अजून पुरती सरलेली नाही.