दाराशी की घरात? पट वाढवण्यासाठी विद्यापीठे पैसा कुठे घालतात, याची पार्श्वभूमी

विद्यार्थीसंख्या वाढवण्यासाठी एखाद्या विद्यापीठाने मोठी तरतूद केल्याची बातमी येते, तेव्हा त्या पैशातून नेमके काय होणार हे क्वचितच उलगडून सांगितले जाते. नवे अभ्यासक्रम, वसतिगृहे, शिष्यवृत्त्या, जाहिराती, समुपदेशक, ऑनलाइन वर्ग, सगळे एकाच दमात येते. या प्रत्येक गोष्टीचा जन्म मात्र वेगळ्या काळात, वेगळ्या अडचणीतून झाला आहे. तो क्रम ठाऊक असला की तरतूद वाचायला सोपी जाते. पैसा दाराशी माणसे आणण्यासाठी आहे की आत आलेल्यांना टिकवण्यासाठी, हे मी सगळ्यात आधी पाहतो.

फार मोठा काळ विद्यापीठांनी विद्यार्थी शोधलेच नाहीत. ज्याला परवडे तो येई. १८५८ साली लंडन विद्यापीठाने संलग्न महाविद्यालयात न शिकलेल्यांनाही परीक्षेला बसू दिले आणि वर्गाच्या भिंतीबाहेरचा विद्यार्थी प्रथमच मोजणीत आला. १८७८ मध्ये याच विद्यापीठाने स्त्रियांना पदव्या खुल्या केल्या. अमेरिकेत १८६२ च्या मॉरिल कायद्याने राज्यांना संसदेतल्या प्रत्येक प्रतिनिधीमागे ३० हजार एकर जमीन दिली. ती विकून शेती आणि यंत्रविद्या शिकवणारी महाविद्यालये काढायची होती. यातली पुष्कळ जमीन मूळ रहिवाशांकडून हिसकावलेली होती, हेही नोंदवले पाहिजे. ग्रीक-लॅटिनशी ज्यांचा संबंध नव्हता अशा शेतकरी आणि कारागीर घरांतल्या मुलांना या महाविद्यालयांमुळे कॉलेजची वाट मिळाली. नवा विषय आणला की नवा विद्यार्थी येतो, हा आडाखा तिथून रुजला आणि आजही नव्या अभ्यासक्रमांमागे तोच असतो.

मग आले दुसरे महायुद्ध. जून १९४४ मध्ये अमेरिकेने परतणाऱ्या सैनिकांसाठी जीआय बिल मंजूर केले: वर्षाला ५०० डॉलरपर्यंत शिक्षणशुल्क आणि वर निर्वाहभत्ता. सुमारे २२ लाख माजी सैनिक या कायद्याच्या आधाराने महाविद्यालयांत आणि विद्यापीठांत गेले. १९४७ मध्ये तिथल्या विद्यार्थ्यांपैकी जवळजवळ निम्मे माजी सैनिक होते. लष्कराच्या पत्र्याच्या अर्धगोल बराकी आणून आवारात उभ्या केल्या, कुठे त्यांत वर्ग भरले, कुठे संसार थाटले गेले. त्या काळी विद्यार्थी कसे आणायचे हा प्रश्नच नव्हता, आलेल्यांना बसवायचे कुठे हा होता. पाठोपाठ युद्धोत्तर पिढीची लाट येणार होती, म्हणून सगळे बांधत सुटले.

ही लाट ओसरणार हे दिसू लागले ते सत्तरच्या दशकात. १९४६ ते १९६४ या काळात जन्मलेल्यांपैकी शेवटची मुले १९८२ मध्ये अठरा वर्षांची होणार, हा हिशेब कोणालाही करता येत होता. त्यातच १९७२ मध्ये एक मूलगामी बदल झाला. पुढे सिनेटर क्लेबॉर्न पेल यांच्या नावाने ओळखले जाऊ लागलेले सरकारी अनुदान संस्थेला न देता विद्यार्थ्याच्या नावे देण्याचे ठरले. तो जाईल तिथे त्याच्यामागे पैसा जाणार. विद्यापीठांच्या दृष्टीने विद्यार्थी आता शिकणारा तर होताच, शिवाय उत्पन्न घेऊन येणाराही झाला. पुढच्या पन्नास वर्षांतले बरेवाईट पुष्कळसे या एका निर्णयात मुळाशी सापडते.

या पेचातून पहिली पद्धतशीर वाट काढली ती बॉस्टन कॉलेजने. सत्तरीच्या सुरुवातीला ही संस्था आर्थिक ओढाताणीत होती. १९७१ मध्ये प्रवेश विभागाची सूत्रे जॅक मॅग्वायर यांच्याकडे आली. ते सैद्धांतिक भौतिकशास्त्रातले डॉक्टरेट, त्यामुळे आकड्यांकडे पाहण्याची सवय अंगातच होती. प्रवेश, आर्थिक मदत, निबंधकांचे दप्तर आणि गळतीची नोंद ही चार टेबले एकमेकांशी बोलतच नाहीत, हे त्यांनी हेरले. ज्याला प्रवेश दिला तो का आला नाही, आला तो दुसऱ्या वर्षी का दिसला नाही, याचे उत्तर कोणाकडेच नव्हते. ही टेबले एका सूत्रात बांधण्याच्या कामाला त्यांनी १९७६ मध्ये संस्थेच्या नियतकालिकात नाव दिले: 'एन्रोलमेंट मॅनेजमेंट', म्हणजे पटाचे व्यवस्थापन. आज हे शब्द पदनाम म्हणून जगभर चालतात.

मॅग्वायर यांच्या विचारातला कळीचा भाग गणिताने पटकन समजतो. चार वर्षांचा अभ्यासक्रम घ्या, दरवर्षी १,००० नवे विद्यार्थी येतात असे धरा. प्रत्येक वर्षी ८० टक्के पुढे गेले, तर चारही वर्षे मिळून पट २,९५२ होतो. हेच प्रमाण ९० टक्के झाले, तर पट ३,४३९. फरक ४८७ विद्यार्थ्यांचा, आणि त्यासाठी एकही नवा प्रवेश लागला नाही. गळती तशीच ठेवून हा पट गाठायचा, तर दरवर्षी १६५ जादा विद्यार्थी आणावे लागतील. ते आणायलाही जाहिरात, सवलत, भेटीगाठी हा खर्च दरवर्षी नव्याने आलाच. घडा गळका असताना पाण्याच्या खेपा वाढवण्यासारखे ते आहे.

गळती थांबवायची कशी, याची उत्तरेही त्याच दशकात सापडली, आणि यातली एक घटना मला फार बोलकी वाटते. मे १९७० मध्ये साउथ कॅरोलायना विद्यापीठात व्हिएतनाम युद्धाविरुद्धचा असंतोष भडकला. विद्यार्थी प्रशासकीय इमारतीत घुसले आणि अध्यक्ष थॉमस जोन्स आपल्याच कार्यालयात अडकून पडले. बाहेर आल्यावर शिस्तभंगाच्या कारवाईपाशी त्यांचा विचार थांबला नाही. या मुलांना आपले विद्यापीठ आपले का वाटत नाही, हा प्रश्न त्यांनी धरला. १९७२ मध्ये नवागतांसाठी 'युनिव्हर्सिटी १०१' हा लहान गटांचा वर्ग सुरू झाला. अभ्यास कसा करायचा, मदत कोणाकडे मागायची, इथे आपले कोण, असे त्याचे विषय. शिकवणाऱ्या प्राध्यापकांनाही आधी प्रशिक्षण घ्यावे लागे. हा वर्ग केलेली मुले दुसऱ्या वर्षी जास्त प्रमाणात परतताना दिसली आणि नमुना सर्वदूर पसरला.

१९७३ मध्ये मिसूरी विद्यापीठाच्या कॅन्सस सिटी शाखेत डीना मार्टिन यांनी आणखी सोपी गोष्ट केली. त्यांनी 'कच्चे विद्यार्थी' निवडणे सोडले आणि अवघड विषय निवडले. ज्या विषयात नापासांचे प्रमाण मोठे, त्यात आदल्या वर्षी चांगले यश मिळवलेला विद्यार्थी पुन्हा तासाला बसे आणि नंतर सर्वांसाठी सराव-बैठका घेई. कोणावर शिक्का नाही, म्हणून यायला संकोच नाही. खर्च जवळजवळ फक्त त्या विद्यार्थ्याच्या मानधनाचा. १९७५ मध्ये शिक्षणाचे अभ्यासक व्हिन्सेंट टिंटो यांनी गळतीचा सिद्धांत मांडला: अभ्यासात आणि माणसांत रुजला नाही तो विद्यार्थी सोडून जातो. या दोन्ही प्रयोगांना त्यातून शास्त्रीय पाया मिळाला.

दुर्दैवाने पुष्कळ पैसा दुसऱ्याच दिशेला गेला. शुल्कातली सवलत हे गरजूच्या मदतीचे साधन होते, ते ओढून घेण्याचे आमिष झाले. समजा, शुल्क २० हजार डॉलर आहे. तेवढी रक्कम एका गरीब मुलीला पूर्ण देता येते, किंवा पाच-पाच हजारांच्या चार 'गुणवत्ता शिष्यवृत्त्या' करून सुखवस्तू घरांतली चार मुले आणता येतात. ती चौघे उरलेले प्रत्येकी १५ हजार भरतात, म्हणजे ६० हजारांची आवक. ताळेबंद दुसऱ्या पर्यायाला कौल देतो आणि मुलगी बाहेर राहते. वाढीव पटाचा आकडा छान दिसला तरी त्यात कोण आले आणि कोण राहिले हे विचारलेच पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

दूरशिक्षणाची शाखा वेगळी वाढली. ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीला १९६९ मध्ये सनद मिळाली आणि १९७१ मध्ये पूर्वपात्रतेची अट न घालता तिने शिकवायला सुरुवात केली. भारतात १९८५ मध्ये इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ याच वाटेने आले. ऑनलाइन पदव्यांची आजची बाजारपेठ या पायावर उभी आहे, पण सोडून जाणाऱ्यांचे मोठे प्रमाण हे तिचे जुने दुखणे आहे. इंग्लंडमध्ये २०१२ पासून शुल्काची कमाल मर्यादा ९,००० पौंड झाली आणि २०१५ मध्ये विद्यार्थीसंख्येवरची मर्यादाही उठली. त्यानंतर विद्यार्थी मिळवण्यासाठी विद्यापीठांत खरी चुरस लागली आणि इमारतींवर, प्रसिद्धीवर खर्च वाढत गेला.

अलीकडचा सगळ्यात अभ्यासण्याजोगा प्रयत्न अटलांटाच्या जॉर्जिया स्टेट विद्यापीठाचा. शेवटच्या काही सत्रांत पोचलेली मुले फीची किरकोळ बाकी राहिल्यामुळे नावे कटून घरी जात होती. २०११ पासून विद्यापीठाने अशांची बाकी स्वतः शोधून भरायला सुरुवात केली, बहुधा हजार डॉलरच्या आतली. अर्ज करण्याची गरज नव्हती. टिकून राहिलेल्या विद्यार्थ्याच्या पुढच्या शुल्कातून हा खर्च भरून निघत होता. २०१२ पासून विद्यार्थी मागे पडत असल्याच्या आठशेहून अधिक खुणांवर दररोज नजर ठेवली जाऊ लागली आणि त्या खुणा पाहून प्रत्यक्ष बोलणारे समुपदेशक नेमले गेले. २०१६ मध्ये प्रवेश निश्चित केलेल्या मुलांच्या शंकांना मोबाइलवर उत्तरे देणारी यंत्रणा आली, तेव्हा उन्हाळ्याच्या सुट्टीतली गळती, म्हणजे प्रवेश निश्चित करूनही सत्राला न येणाऱ्यांची संख्या, सुमारे २१ टक्क्यांनी घटली. पदवी पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण २००३ मध्ये ३२ टक्के होते, दशकभरात ते पन्नाशीपार गेले.

या प्रयोगांकडे आता पुन्हा सगळ्यांचे डोळे लागले आहेत, त्यामागे साधा हिशेब आहे. अमेरिकेतली एकूण विद्यार्थीसंख्या २०१० च्या सुमारास २ कोटी १० लाखांवर पोचून उतरू लागली. तिथे सर्वाधिक बाळे जन्मली २००७ मध्ये, सुमारे ४३ लाख, आणि पुढच्या मंदीत जन्म घटले. ती २००७ ची बाळे २०२५ मध्ये अठरा वर्षांची झाली. त्यांच्या मागची रांग लहान आहे.