आरटीएक्स ४०६० की ४०७०? गेमिंग लॅपटॉप घेताना आधी वॅट विचारा

एकाच कंपनीचे दोन लॅपटॉप, प्रोसेसर सारखा, स्क्रीन सारखी. एकात एनव्हिडियाचं आरटीएक्स ४०६० हे ग्राफिक्स कार्ड, दुसऱ्यात ४०७०. आकडा मोठा म्हणजे गेम जास्त पळणार, असं धरून बरेच जण जास्तीचे पैसे मोजतात. लॅपटॉपमध्ये हा हिशेब दर वेळी जुळत नाही. शिवाय बहुतेक लॅपटॉपमध्ये ग्राफिक्सची चिप मदरबोर्डवरच सोल्डर केलेली असते, त्यामुळे निवड चुकली की नंतर नुसतं कार्ड बदलून भागत नाही.

कागदावर बघितलं तर लॅपटॉपच्या ४०६०मध्ये ३०७२ कुडा कोअर (ग्राफिक्सची गणितं करणारे छोटे भाग) आहेत आणि ४०७०मध्ये ४६०८, म्हणजे बरोबर दीडपट. मेमरी मात्र दोन्हींत तीच: ८ जीबी जीडीडीआर६, १२८ बिटची बस, म्हणजे मेमरी आणि चिपमधला डेटाचा रस्ता. वीजमर्यादाही तीच. लॅपटॉप बनवणारी कंपनी ती ३५ ते ११५ वॅटमध्ये कुठेही ठेवू शकते, आणि डायनॅमिक बूस्ट (प्रोसेसरची शिल्लक वीज ग्राफिक्सला देणारी सोय) धरून ती १४० वॅटपर्यंत जाते. कोअर वाढले, पण त्यांना डेटा पुरवण्याचा वेग वाढला नाही आणि वीजही वाढली नाही. म्हणून फ्रेम, म्हणजे दर सेकंदाला स्क्रीनवर येणारी चित्रं, दीडपट होत नाहीत.

डेस्कटॉपच्या ४०७०चे रिव्ह्यू बघून लॅपटॉपबद्दल अंदाज बांधू नका. ती चिपच वेगळी आहे: ५८८८ कोअर, १२ जीबी मेमरी, २०० वॅट. ४०६०चं तसं नाही. डेस्कटॉपवरही त्याला ३०७२ कोअर आणि ८ जीबीच आहे, त्यामुळे पुरेसे वॅट मिळाले तर लॅपटॉपमधलं ४०६० डेस्कटॉपच्या ४०६०च्या बरंच जवळ जातं.

खरा फरक पडतो तो टीजीपीने, म्हणजे ग्राफिक्सला किती वीज घ्यायची परवानगी आहे त्याने. पातळ, हलक्या लॅपटॉपमध्ये ४०७० बसवून त्याला ६०-६५ वॅटवर अडवलेलं असेल, तर जाड बॉडीच्या, नीट थंड राहणाऱ्या लॅपटॉपमधलं १०० वॅट घेणारं ४०६० त्याला गाठतं, कधी मागेही टाकतं. खोक्यावरच्या स्टिकरवर हा आकडा सहसा नसतो. कंपनीच्या साइटवर त्या नेमक्या मॉडेल नंबरचं स्पेसिफिकेशन उघडा आणि ‘मॅक्सिमम ग्राफिक्स पॉवर’ शोधा. एकाच सीरिजमधल्या दोन मॉडेलांचे वॅट वेगळे असू शकतात, म्हणून शेवटच्या अक्षरापर्यंत नंबर जुळवा. दुकानात डेमो पीस चालू असेल तर एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमध्ये ‘हेल्प’, मग ‘सिस्टम इन्फर्मेशन’ उघडा; तिथे तोच आकडा दिसतो.

वरच्या टोकाला मात्र फार ताणू नका. ४०६० बहुतेक गेममध्ये १०० वॅटच्या आसपास थांबतं, म्हणून ११५ आणि १४० वॅटच्या ४०६०मध्ये फरक थोडाच. ६५ आणि १०० मधला फरक मात्र डोळ्यांना दिसतो.

मेमरीबाबत ४०७० घेणाऱ्यांची निराशा जास्त होते. त्याच्यासोबत बरेचदा २५६० बाय १६०० ची स्क्रीन येते. जड गेममध्ये टेक्स्चर (वस्तूंच्या पृष्ठभागावरची चित्रं) ‘अल्ट्रा’वर ठेवले की ८ जीबी भरते, उरलेला डेटा साध्या रॅममध्ये जातो आणि गेम मध्येच अडखळतो. अशा वेळी रिझोल्यूशनच्या आधी टेक्स्चर एक पायरी खाली आणा. अडखळणं बहुधा तिथेच थांबतं.

आमचं मत स्पष्ट आहे. १०८० पी (१९२० बाय १०८०) वर खेळायचं असेल तर १०० वॅट किंवा त्याहून जास्तीचं ४०६० घ्या. वाचलेल्या पैशांत आधी रॅम बघा: एकच पट्टी असेल तर तिच्या जोडीला तेवढीच दुसरी लावा, कारण एकाच पट्टीवर, म्हणजे सिंगल चॅनेलमध्ये, प्रोसेसर मागे पडतो आणि ग्राफिक्स रिकामं बसतं. रॅम सोल्डर केलेली नाही ना, हे मात्र आधीच विचारून घ्या. मक्स स्विच असलेलं मॉडेल मिळालं तर उत्तम. त्याने फ्रेम प्रोसेसरच्या ग्राफिक्समधून न जाता थेट स्क्रीनवर येतात. ४०७० घ्यायचं ते १०० वॅटच्या पुढचं असेल आणि किमतीतला फरक थोडा असेल तरच.

घरी आणल्यावर परत करायची मुदत संपण्याआधी तपासून घ्या. सोबत आलेला मोठा अ‍ॅडॉप्टरच लावा. बॅटरीवर किंवा टाइप-सी चार्जरवर ग्राफिक्सला पूर्ण वीज मिळत नाही. परफॉर्मन्स मोड निवडा, एखादा जड गेम २० मिनिटं चालवा आणि एनव्हिडिया अ‍ॅपमध्ये ऑल्ट आणि आर दाबून ग्राफिक्सचे वॅट, तापमान आणि वापराची टक्केवारी बघा. वापर ९५ टक्क्यांच्या वर असूनही वॅट सांगितलेल्या आकड्यापेक्षा खूप खाली असतील आणि तापमान ८५-८७ अंशांवर अडकलं असेल, तर कूलिंग कमी पडतंय. मे महिन्यात विदर्भातल्या खोलीत हे आणखी लवकर होतं. मागची बाजू दोन-तीन सेंटीमीटर उचलून पुन्हा चालवा; तरीही वॅट वर आले नाहीत, तर लॅपटॉप परत करा.