कल्याणयोजनांतील सुधारणा आणि गरिबी (बेळगाव सीमाभाग)

सरकारी मदतीचे नियम बदलले, म्हणजे पात्रता कडक केली, धान्याऐवजी पैसे दिले किंवा मदतीला कामाची अट घातली, तर गरिबी हटते का आणि लोक सरकारच्या आधाराविना उभे राहतात का, हा जुना वाद आहे. त्यात दोन प्रश्नांची गल्लत हमखास होते. यादीतली नावे कमी होणे सोपे. त्या नावांच्या घरात पैसा येणे अवघड. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी, अथणी या पट्ट्यातल्या मराठी माणसाला हा फरक रेशनच्या रांगेत उभे राहूनच कळलेला आहे.

वादात दाखला नेहमी अमेरिकेचा दिला जातो. २२ ऑगस्ट १९९६ रोजी अध्यक्ष बिल क्लिंटन यांच्या सहीने झालेल्या कायद्याने गरीब कुटुंबांना केंद्राच्या पैशातून मिळणाऱ्या रोख मदतीला आयुष्यभरात ६० महिन्यांची मर्यादा आली आणि काम सक्तीचे झाले. पुढच्या काही वर्षांत मदत घेणारी कुटुंबे निम्म्यावर आली. बालदारिद्र्यही १९९६ मधल्या २०.५ टक्क्यांवरून २००० मध्ये १६.२ टक्क्यांवर उतरले. समर्थक गोष्ट इथेच संपवतात. पण त्या वर्षांत तिथे नोकऱ्या भरपूर होत्या, आणि कमी पगारवाल्यांची करसवलत १९९३ मध्येच बरीच वाढवली होती. मंदीनंतर, २०१० मध्ये, बालदारिद्र्य २२ टक्क्यांवर गेले. मदतीची यादी मात्र त्या मानाने वाढली नाही. मुले असलेल्या दर १०० गरीब कुटुंबांपैकी १९९६ मध्ये ६८ कुटुंबांना ही रोख मदत मिळे, २०२० मध्ये २१ कुटुंबांना. अवलंबित्व घटले ते असे.

कर्नाटकाने २०२३ मध्ये उलटी वाट धरली. ११ जूनला शक्ती योजनेखाली बायकांचा बसप्रवास फुकट झाला, मग घरगुती विजेचे २०० युनिटपर्यंतचे बिल माफ झाले, आणि ३० ऑगस्टला गृहलक्ष्मीचे महिना २,००० रुपये सुरू झाले. रेशनच्या वाढीव पाच किलो तांदळाऐवजी काही काळ माणशी १७० रुपये खात्यावर येत. २०२५ मध्ये पुन्हा तांदूळ आला. निवडणुकीत दिलेल्या अशा पाच आश्वासनांसाठी, म्हणजे ‘गॅरंटीं’साठी, २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात ५१ हजार कोटींवर तरतूद होती. या पैशाने माणूस आळशी होतो असे चावडीवर ऐकू येते, पण २,००० रुपयांत काम सोडून बसण्याइतके स्वस्त आयुष्य या भागात कुठेच नाही. २०२४ मध्ये रायबाग तालुक्यातल्या एका वृद्धेने गृहलक्ष्मीच्या साठवलेल्या हप्त्यांतून गावाला होळगीचे, म्हणजे पुरणपोळीचे, जेवण घातले. त्याची बातमी राज्यभर झाली. कुणी उधळपट्टी म्हटले, पण गावजेवण घालण्याची ऐपत आपल्यालाही आली, हे त्या बाईला वाटणे कोणत्याही दारिद्र्यनिर्देशांकात मोजले जात नाही.

गृहलक्ष्मीने घरात एक नवा पेच आणला. पैसे मिळतात ते रेशन कार्डावर कुटुंबप्रमुख असलेल्या बाईला, आणि २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने कुटुंबप्रमुख म्हणजे घरातली सर्वांत वडील बाई. म्हणजे सासू. राब सुनेचा, हप्ता सासूचा. मग ‘आमचं कार्ड वेगळं करून द्या’ म्हणत जोडपी नाडकचेरीत, म्हणजे तालुक्याखालच्या महसूल कचेरीत, येऊ लागली. चूल एकच, कार्डे दोन. यादी अशीही फुगते.

आणि आटतेही. नोव्हेंबर २०२४ मध्ये राज्यात बीपीएल कार्डांची छाननी झाली आणि बरीच कार्डे एपीएलमध्ये गेली. ओरड झाल्यावर आयकर भरणारे आणि सरकारी नोकर सोडून बाकीच्यांची परत देण्यात आली. त्या काही दिवसांत गरिबी ना कमी झाली ना वाढली.

निपाणीकडे हे अधिक टोचते. तिथली विडी बायकांच्या हातांवर चालते आणि मजुरी दर हजार विड्यांमागे ठरते. या कामगारांसाठी १९७६ च्या कायद्याने कल्याण निधी उभारला गेला. विडीवरचा उपकर त्यात जाई आणि त्यातून दवाखाने, घरकुले, मुलांच्या शिष्यवृत्त्या चालत. जीएसटी आल्यावर, १ जुलै २०१७ पासून, तो उपकर बंद झाला आणि धंद्यातून येणारा हक्काचा पैसा अर्थसंकल्पाच्या मर्जीवर गेला. करसुधारणेच्या चर्चेत विडीवालीचे नाव क्वचितच निघाले. वर्षानुवर्षे पाने दुमडणाऱ्या, शेतात भांगलणाऱ्या हातांच्या रेषा झिजतात, आणि रेशन दुकानात यंत्रावर ‘अंगठा उठत नाही’. झारखंडमध्ये झालेल्या अभ्यासात आधार पडताळणीने गळती फारशी थांबली नाही. ज्यांचे आधार जोडलेले नव्हते त्यांच्यातल्या काहींचे धान्य मात्र तुटले.

सीमाभागात यावर भाषा आणि हद्द यांचे ओझे वेगळे. अर्ज कन्नडमध्ये, मोबाइलवर येणारा संदेशही बहुधा कन्नडमध्ये. ज्या भागात भाषिक अल्पसंख्याक १५ ते २० टक्के आहेत तिथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, असे १९६१ च्या मुख्यमंत्री परिषदेत ठरले होते. प्रत्यक्षात अर्ज भरून द्यायला कुणीतरी लागतो, आणि तो चहापाण्याचे घेतो. हद्दीचा हिशोब तर याहून विचित्र. महाराष्ट्रातल्या चंदगडात दिलेल्या बहिणीला वर्षाला लाडकी बहीणचे १८,००० रुपये, बेळगाव तालुक्यात दिलेल्या बहिणीला गृहलक्ष्मीचे २४,०००. इकडे शून्य तिकीट, तिकडे एसटीत अर्धे. फेब्रुवारी २०२५ मध्ये बेळगाव तालुक्यात बसमधल्या तिकिटावरून सुरू झालेली बाचाबाची भाषावादावर गेली आणि दोन्ही राज्यांतल्या बस काही दिवस एकमेकांकडे जायच्या थांबल्या. महाराष्ट्राने २०२३ मध्ये आपली जनआरोग्य योजना सीमेवरच्या ८६५ गावांना लागू केली तेव्हा कर्नाटकाने हरकत घेतली.

नीती आयोगाच्या बहुआयामी निर्देशांकात कर्नाटकातली गरिबी २०१५-१६ मधल्या १२.७७ टक्क्यांवरून २०१९-२१ मध्ये ७.५८ वर आली. हा आकडा गॅरंटीच्या प्रचारात घालता येत नाही, कारण ती घट आधीची आहे, आणि तो निर्देशांक शौचालय, गॅस, बँक खाते असे मोजतो. हातातला पैसा मोजत नाही. निपाणीतल्या विडीवालीचे खाते त्यात आले असेल. दिवसाकाठी तिच्या किती विड्या वळून होतात, ते आले नाही.