नाम (ख्रिस्ती श्रद्धेतील) : बेळगाव सीमाभाग

देव माणसाला नावाने हाक मारतो आणि ‘तू माझा’ म्हणतो, या यशयाच्या वचनावर (४३ : १) ख्रिस्ती नामविचार उभा आहे. याकोबाला रात्रभराच्या झुंजीनंतर आधी त्याचे नाव विचारले जाते, मग ‘इस्राएल’ हे नवे नाव मिळते. अब्रामाचा अब्राहाम झाला. येशूचा शिष्य शिमोन याला ‘केफा’ म्हणजे खडक हे अरामी नाव मिळाले, त्याच्या ग्रीक रूपावरून मराठीत पेत्र. शौलाचा धर्मांतरामुळे पौल झाला असे प्रवचनांतून सांगितले जाते. नव्या करारातले ‘प्रेषितांची कृत्ये’ हे पुस्तक (१३ : ९) मात्र त्याला दोन्ही नावे होती एवढेच म्हणते. ‘येशू’ या नावाचा अर्थ ‘परमेश्वर तारण करतो’ असा असून मत्तय (१ : २१) नामकरणाचे कारणही तेच देतो. प्रकटीकरणात (२ : १७) विजयी भक्ताला पांढरा खडा व त्यावर कोरलेले नवे नाव मिळते, ते घेणाऱ्यावाचून कोणालाही ठाऊक नसते.

बाप्तिस्मा, म्हणजे पाण्याने होणारा ख्रिस्ती दीक्षाविधी, ‘नावाने’ द्यावा या येशूच्या आज्ञेतील (मत्तय २८ : १९) ग्रीक शब्दप्रयोगाचे मूळ वादग्रस्त आहे. शब्दशः तो ‘नावात’ किंवा ‘नावाकडे’ असा आहे. हाइटम्युलर या जर्मन अभ्यासकाने १९०३ मध्ये तो ग्रीक व्यापारी व्यवहारातला ठरवला : रक्कम वा मालमत्ता एखाद्याच्या नावे जमा करणे. सीमाभागातल्या शेतकऱ्याला हे उलगडून सांगावे लागत नाही. जमीन मुलाच्या नावावर केली, उताऱ्यावर नाव चढले, म्हणजे मालकी बदलली. हार्टमन यांच्यासारखे नंतरचे अभ्यासक मात्र त्यामागे ‘च्या संबंधाने, च्या उद्देशाने’ अशा अर्थाचा हिब्रू-अरामी प्रयोग पाहतात. प्रारंभीचा बाप्तिस्मा यहुदी भक्तांमध्ये झाला हे ध्यानात घेता हे दुसरे मत अधिक सयुक्तिक दिसते. तरी बाप्तिस्मा घेणारा ख्रिस्ताचा होतो, हा आशय दोन्हींत टिकतो. प्रेषितांच्या कृत्यांत (२ : ३८) केवळ ‘येशू ख्रिस्ताच्या नावाने’ असे आहे, ‘पिता, पुत्र व पवित्र आत्मा’ हे त्रैक्याचे सूत्र विधीत बहुधा पहिल्या शतकाच्या अखेरीच्या आसपास स्थिरावले असे मानावे लागते.

मुलांना प्रेषितांची नावे देण्याची प्रथा तिसऱ्या शतकाच्या मध्यास रूढ असावी. आलेक्सांद्रियाचा बिशप दिओनिसियस पौल व पेत्र या नावांची मुले पुष्कळ असल्याचे नमूद करतो. १९१७ च्या कॅथलिक धर्मसंहितेत ख्रिस्ती नावाचा आग्रह होता. पालकांनी ते न दिल्यास धर्मगुरूने संताचे नाव जोडून दोन्ही नोंदवायची होती. १९८३ च्या संहितेने (कलम ८५५) ख्रिस्ती भावनेला परके नाव नसावे एवढेच म्हटले.

बेळगावात लंडन मिशन या प्रॉटेस्टंट संस्थेचे काम १८२० मध्ये सुरू झाले. विसाव्या शतकाच्या आरंभी ते मेथडिस्ट या दुसऱ्या प्रॉटेस्टंट पंथाकडे गेले. बेळगावातच जन्मलेले बाबा पदमनजी (१८३१–१९०६) यांनी १८५४ मध्ये तेथेच बाप्तिस्मा घेतला. मूळ आडनाव मुळे. बाप्तिस्म्यानंतरही ‘बाबा’ आणि वडिलांचे ‘पदमनजी’ ही नावे त्यांनी जपली, आणि मराठी वाङ्मयाने त्यांना याच नावांनी ओळखले. पंडिता रमाबाईंना १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्म्याच्या वेळी ‘मेरी रमा’ हे नाव मिळाले, पण मराठी माणसाच्या तोंडी त्या रमाबाईच राहिल्या. नव्या जन्माला जुने नाव पुरेसे ठरते, ही साक्ष या भागाच्या दृष्टीने मोलाची आहे.

बेळगावचा कॅथलिक धर्मप्रांत १९५३ मध्ये स्थापन झाला. गोव्याकडून आलेल्या घराण्यांत पोर्तुगीज आडनावे आणि संतांची नावे, मराठी प्रॉटेस्टंट घरांत शमुवेल, रूथ, एस्तेर यांच्या जोडीने आनंद, प्रकाश. एकाच गावात कोकणी प्रार्थनेत ‘जेजू’, कानडीत ‘येसु’ आणि मराठीत ‘येशू’ असा उच्चार होतो. यांपैकी मराठी रूप हिब्रू ‘येशुआ’ला ध्वनीने अधिक जवळचे आहे, कोकणी रूप लॅटिन-पोर्तुगीज वाटेने आलेले.