मोतीबिंदू आणि काचबिंदू एकाच डोळ्यात असतील तर: जोड शस्त्रक्रियेची माहिती

"मोतीबिंदू काढताच आहात, तर सोबत काचबिंदूही काढून टाका," असं नातेवाईक आम्हाला नेहमी सांगतात. मोतीबिंदू काढता येतो. काचबिंदू काढता येत नाही, त्याला आवर घालता येतो. हा फरक पेशंटला आणि घरच्यांना ऑपरेशनच्या आधीच कळलेला असला, की नंतर मनस्ताप होत नाही.

मोतीबिंदूत डोळ्यातलं भिंग गढूळ होतं. ते काढून कृत्रिम भिंग बसवलं की दिसू लागतं. काचबिंदूचा घाव मात्र मागे, डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसेवर असतो. डोळ्याच्या आत सतत पाणी तयार होतं (हे अश्रू नव्हेत). त्याचा निचरा अडला की दाब वाढतो आणि नस सुकत जाते. दाब साधारण १० ते २१ मिलिमीटर (पाऱ्याचे) असावा असं मानतात, पण काहींची नस त्याहून कमी दाबातही खराब होते. नजर बहुधा कडेकडून जाते. पेपर वाचता येतो, पण पायरी चुकते, शेजारून जाणाऱ्याला धक्का लागतो. ही गेलेली नजर कोणत्याही ऑपरेशनने परत येत नाही. मोतीबिंदूने झाकलेली नजर तेवढी मोकळी होते.

एकत्र ऑपरेशन कोणाला?

ज्यांचा दाब दोन-तीन प्रकारचे ड्रॉप्स घालूनही आटोक्यात नाही, ज्यांना ड्रॉप्स सोसत नाहीत किंवा नियमित घालणं जमत नाही, आणि मोतीबिंदूही काढण्याजोगा आहे, त्यांच्यासाठी हा पर्याय आहे. सरसकट सगळ्यांसाठी नाही.

निचऱ्याचा कोन, म्हणजे बुबुळाच्या कडेला पाणी बाहेर जाण्याची जागा, अरुंद असेल तर पुष्कळदा नुसता मोतीबिंदू काढूनच काम भागतं. जाड झालेलं भिंग कोन दाबून धरतं. ते निघालं की वाट मोकळी होते. २०१६ साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या 'ईगल' अभ्यासात तर अशा रुग्णांमध्ये मोतीबिंदू नसतानाही भिंग काढणं लेझरपेक्षा सरस ठरलं. कोन उघडा असेल आणि काचबिंदू सौम्य असेल, तर मोतीबिंदूसोबतच निचऱ्याच्या वाटेत बारीक नळी, म्हणजे स्टेंट, बसवता येतो. दाब त्याने बेताचाच उतरतो.

दाब बराच उतरवायचा असेल तर मोतीबिंदूच्या जोडीला ट्रॅबेक्युलेक्टॉमी करतात. १९६८ पासून रुळलेली ही पद्धत आहे. वरच्या पापणीखाली, डोळ्याच्या पांढऱ्या भागात छोटी झडप करून पाण्याला नवी वाट देतात. पाणी वरच्या पातळ पडद्याखाली साठून शोषलं जातं. तिथे येणाऱ्या फुगवट्याला ब्लेब म्हणतात. इतर ऑपरेशनमध्ये जखम पक्की भरावी अशी इच्छा असते. इथे ती पूर्ण भरली तर वाटच बंद होते. म्हणून ऑपरेशन चालू असतानाच मायटोमायसिन हे औषध थोडा वेळ लावून धुऊन काढतात.

काचबिंदू फार पुढे गेलेला असेल तर बहुधा आम्ही आधी फक्त ट्रॅबेक्युलेक्टॉमी सुचवतो, कारण जोड ऑपरेशनपेक्षा त्यात दाब थोडा अधिक उतरतो. मोतीबिंदू मग नंतर वेगळा काढायचा, म्हणजे दोनदा भूल, दोनदा खर्च हे खरं. पण उरलेली नस वाचवणं महत्त्वाचं.

शेजारच्या काकूंशी तुलना नको

त्यांचं बिनटाक्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि दोन दिवसांत त्या टीव्ही बघू लागल्या. जोड ऑपरेशनमध्ये टाके असतात. काही आठवडे धूसर दिसू शकतं, आणि चष्म्याचा नंबर साधारण सहा ते आठ आठवड्यांनी काढतात. पहिल्या महिन्यात तपासणीला वारंवार यावं लागतं: दाब जास्त वाटला तर टाका लेझरने सैल करायचा असतो, फारच उतरला तर वेगळे उपाय असतात. यातली एखादी फेरी चुकली तर चांगलं झालेलं ऑपरेशनही वाया जाऊ शकतं. गावाहून येणाऱ्यांनी सोबत कोण येणार हे तारीख घेण्याआधीच ठरवावं.

भिंगाबद्दल एक स्पष्ट सांगतो. जवळ-लांब दोन्ही दाखवणारं मल्टिफोकल भिंग महाग असतं आणि ते विकण्यात आमचा फायदाच आहे. तरी काचबिंदू असलेल्या बहुतेकांना आम्ही साधं मोनोफोकलच सुचवतो. काचबिंदूने फिकट-गडद छटांमधला फरक आधीच कमी जाणवत असतो, मल्टिफोकलने तो आणखी कमी होतो.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन घेत असाल किंवा पूर्वी घेतली असेल, तर नक्की सांगा. कोणतीही गोळी आपल्या मनाने बंद करू नका. दमा असेल तर तेही सांगा. टिमोलॉलच्या ड्रॉप्सने दम लागू शकतो. ऑपरेशननंतर उरलेले स्टेरॉइडचे ड्रॉप्स डोळा लाल झाला म्हणून पुन्हा घालू नका, त्यांनी दाब वाढतो.

डोळा लाल होणं, दुखणं, चिपडं येणं, अचानक कमी दिसणं, यांतलं काहीही झालं तर त्याच दिवशी दाखवा. ऑपरेशनला पाच वर्षं झालेली असली तरीही. ब्लेबला जंतुसंसर्ग उशिराही होतो.

पहिल्या भेटीला चालू ड्रॉप्सच्या बाटल्या आणि नजरेच्या फील्ड टेस्टचे जुने कागद घेऊन या. शक्यतो मूळ छापील कागदच आणा. मोबाइलवर काढलेल्या फोटोत त्यातल्या करड्या छटा नीट कळत नाहीत.