वजन निम्मं, स्क्वॅट्स शंभर

जानेवारी २०११ मध्ये अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठाच्या फुटबॉल संघातले १३ खेळाडू रुग्णालयात दाखल झाले. अपघात नाही, विषबाधा नाही. सुट्टीवरून परतलेल्या या पोरांकडून १०० स्क्वॅट्स, म्हणजे खांद्यावर वजन घेऊन उठाबशा, काढून घेतले होते, तेही घड्याळ लावून. खांद्यावरचं वजन मात्र प्रत्येकाच्या कमाल क्षमतेच्या निम्मंच. मग मांड्या टणक झाल्या, हलवेनात आणि लघवी कोलासारखी काळपट होऊ लागली.

याला म्हणतात रॅब्डोमायोलिसिस, थोडक्यात रॅब्डो. स्नायूपेशीतली ऊर्जा संपली की कॅल्शियम बाहेर टाकणारे पंप मंदावतात. आत साचलेल्या कॅल्शियममुळे प्रथिनं तोडणारी विकरं कामाला लागतात आणि पेशी स्वतःलाच खाऊ लागते. आवरण फाटून आतला ऐवज रक्तात येतो. त्यातलं पोटॅशियम हृदयाची लय बिघडवू शकतं. मायोग्लोबिन हे स्नायूतलं प्रथिन मूत्रपिंडाच्या बारीक नलिका तुंबवतं. १९४१ मध्ये लंडनच्या बॉम्बहल्ल्यांत ढिगाऱ्याखालून काढलेल्या जखमींमध्ये डॉ. बायवॉटर्स यांनी हेच नोंदवलं होतं: माणूस जिवंत सुटायचा आणि काही दिवसांनी मूत्रपिंडं निकामी होऊन दगावायचा.

निदानात एक गंमत आहे. लघवीत बुडवलेली पट्टी ‘रक्त आहे’ म्हणते, सूक्ष्मदर्शकाखाली मात्र लाल पेशी जवळपास दिसतच नाहीत. पट्टी मायोग्लोबिनलाच रक्त समजते. खरी साक्ष देतं रक्तातलं क्रिएटिन कायनेज. एरवी साधारण २०० युनिटच्या आत असलेलं हे विकर रॅब्डोत लाखाच्या घरातही जातं.

जास्त वजनानेच स्नायूंची वाट लागते, हा समज आयोवाने खोटा ठरवला. तिथे नडला तो सुट्टीमुळे सरावात पडलेला खंड, आणि माझ्या मते ‘शंभर’ या गोल आकड्याचा हट्टही. ताणला जात असताना जोर लावणारा स्नायू जास्त दुखावतो. स्क्वॅटमध्ये खाली बसताना नेमकं तेच होतं. आधी एकदा हलका सराव झाला असेल, तर पुढे काही आठवडे स्नायू बरंच सोसतो.

ऊन, ताप, दारू यांनी धोका वाढतो. विदर्भात, नंदुरबारकडे सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे वाहक बरेच आहेत. एरवी त्यांना काही त्रास नसतो, पण जिवाच्या आकांताने धावताना रॅब्डो होऊ शकतो. भरतीची तयारी करणाऱ्यांनी सिकलसेलची रक्ततपासणी आधीच करून घ्यावी.

लघवी काळपट दिसली तर अंगदुखीची गोळी घेऊन झोपू नका; ब्रुफेनसारखी औषधं मूत्रपिंडावरचा भार वाढवतात. तडक रुग्णालय गाठा. उपचार मुख्यतः भरपूर सलाईनचाच. आयोवातल्या खेळाडूंनाही बरं होऊन घरी जाता आलं. तो व्यायाम पुन्हा करून घेऊ नये, अशी शिफारस नंतरच्या चौकशीत झाली.