चाक उचलतं ते हँडल ओढून नव्हे

‘हँडल जोरात वर ओढलं की व्हीली होते,’ हा समज जुना आहे. व्हीली म्हणजे धावत्या मोटरसायकलचं पुढचं चाक हवेत उचलणं. बंद गाडीवर बसून ओढून पाहा: फोर्क (पुढचं चाक धरणाऱ्या स्प्रिंगच्या नळ्या) थोडा लांबेल, चाक जमिनीवरच राहील.

चाक उचलतो मागच्या टायरचा रेटा. तो जमिनीलगत लागतो आणि गुरुत्वमध्य (गाडी व चालकाचं सगळं वजन जिथे एकवटलं आहे असं मानतात, तो बिंदू) वर असतो, म्हणून गाडी मागे झुकते. गुरुत्वमध्य मागच्या चाकाच्या मध्यापासून ७० सेंमी पुढे आणि जमिनीपासून ६५ सेंमी उंच धरला, तर पुढचं चाक उचलायला वेग दर सेकंदाला सुमारे १०.५ मीटर प्रतिसेकंदाने वाढायला हवा. लहान इंजिनात एवढा रेटा क्लचच्या झटक्यानेच, तोही क्षणभर मिळतो.

ओढल्याने उलट हँडल वळतं, चाक तिरकं टेकतं आणि गाडी थरथरते. उजवा पाय मागच्या ब्रेकवर हवाच. गाडी मागे उलटू लागली, तर तोच ब्रेक चाक खाली आणतो.